खिशातला मोबाईल आणि पंपावरची आग

अबोली_वळेसर | सोमवार, रात्री १०.१२

तीन आठवड्यांपूर्वी म्हापशाजवळच्या एका पेट्रोल पंपावर माझ्या भाच्याच्या स्कूटरला आग लागली. मी मागच्या सीटवरून नुकतीच उतरले होते, त्यामुळे जे लिहितेय ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

स्कूटर जुनी आहे, टाकीचं झाकण सीटखाली. भाच्याने सीट वर केली, पंपावरच्या मुलाने २०० रुपयांचं पेट्रोल भरलं, नोझल काढून जागेवर अडकवलं. भाच्याने झाकण लावलं आणि सीट खाली टाकली. त्याच क्षणी 'भप्प' असा दबका आवाज झाला आणि सीटच्या कडेने ज्वाळा बाहेर आल्या. पंपावरच्या मुलाने लाल सिलिंडर उचलून पांढरी पूड मारली. सात-आठ सेकंदांत सगळं विझलं. तेवढ्यात भाच्याचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

हात बरा होतोय. बाकीचं बरं होत नाहीये, म्हणून हा धागा.

आग विझल्या विझल्या मॅनेजर बाहेर आला आणि सगळ्यांसमोर ओरडला, "मोबाईल बंद करायला नको? बोर्ड दिसत नाही?" मोबाईल भाच्याच्या पँटच्या खिशात होता. वाजला नव्हता, त्याने बाहेरही काढला नव्हता. पैसे द्यायच्या वेळी काढणार होता, कारण पंपाच्या खांबावर त्या बोर्डाच्या खालीच क्यूआर कोड चिकटवलेला आहे. संध्याकाळपर्यंत सीसीटीव्हीचा तुकडा गावभर फिरला, वर मजकूर: 'मोबाईलमुळे पंपाला आग, तरुणाचा निष्काळजीपणा'. आता मॅनेजर म्हणतो, माझ्या फोनमुळे आग लागली असं लिहून द्या.

पोरगा १९ वर्षांचा आहे, आयटीआयला जातो. गेले तीन आठवडे घराबाहेर पडलेला नाही. परवा रात्री मला एवढंच म्हणाला, "मावशे, हांवें कांयच करूंक ना." (मी काहीच केलेलं नाही.)

माझा प्रश्न सरळ आहे. खिशातल्या मोबाईलमुळे पंपावर आग लागू शकते का? ज्यांना या विषयातलं खरंच कळतं त्यांनी सांगावं. त्याने कागदावर सही करायची की नाही, हे मला ठरवायचं आहे.

---

रातांबा | सोमवार, रात्री १०.५८

ताई, वाचून वाईट वाटलं. मुलाचा हात लवकर बरा होवो.

पण बोर्ड उगाच लावत नाहीत असं मला वाटतं. एका मोठ्या तेल कंपनीचा इशारा कित्येक वर्षांपासून वाचत आलोय. त्यात तीन घटना दिल्या होत्या. एकाने गाडीवर फोन ठेवला होता, तो वाजला आणि भडका उडाला. दुसऱ्याचा फोनवर बोलताना चेहरा भाजला. तिसऱ्याचा फोन खिशात वाजला आणि मांडी भाजली. तिसरी घटना तुमच्या भाच्यासारखीच वाटते. कंपनीच सांगत असेल तर त्यात काही तथ्य असणार ना?

---

चौथा_गिअर | सोमवार, रात्री ११.२०

ताई, मी फोंड्याला गॅरेज चालवतो. मोबाईलचं नंतर बघू. आधी मला हे सांगा:

बॅटरी कुठे आहे? सीटखालीच की पायाखाली?
चावी बंद होती का?
गाडीला बाहेरून काही बसवलंय का? मोठा हॉर्न, जादा लाईट, चार्जर?
आणि गाडी आत्ता कुठे आहे? कोणी धुतली-पुसली नसेल तर तशीच राहू दे.

---

दाबमापक | मंगळवार, सकाळी ७.३५

अबोलीताई, कागदावर सही करू नका. का ते सविस्तर लिहितो. मी वास्कोला राहतो. इंधन साठवणुकीच्या डेपोंमध्ये २६ वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनचं काम केलं. पेट्रोलच्या वाफेजवळ कोणतं यंत्र चालेल आणि कोणतं नाही, हाच माझा रोजचा विषय होता.

आधी रातांबांनी सांगितलेल्या संदेशाबद्दल. तो वीसहून जास्त वर्षं जगभर फिरतोय. ज्या कंपनीचं नाव त्यात घातलं जातं, तिने आपण असा इशारा काढलेलाच नाही आणि अशा घटनांची आपल्याला माहिती नाही, असं स्पष्ट केलेलं आहे. घटना कुठल्या गावच्या, कुठल्या तारखेच्या, काही दिलेलं नसतं. तुमच्या भाच्याच्या बाबतीत घडलं ते हे, की लोकांच्या डोक्यात गोष्ट आधीपासून तयार होती आणि त्याला उचलून त्या गोष्टीत बसवलं गेलं.

आता विज्ञान. पेट्रोल हा फार चटकन पेटणारा पदार्थ आहे, यात वाद नाही. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून पेटण्याइतकी वाफ निघू लागते तो, शून्याखाली ४० अंशांच्या आसपास. म्हणजे आपल्या गोव्यात बारा महिने, रात्री-पहाटेही, उघड्या पेट्रोलमधून पेटण्याजोगी वाफ निघत असते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर जात नाही, पाण्यासारखी खाली वाहते आणि खोलगट जागेत साठते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तुमच्या स्कूटरसाठी लागेल. हवेत वाफेचं प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच ती पेटते. त्याहून कमी असली तर जाळ धरत नाही, जास्त असली तर प्राणवायू पुरत नाही.

योग्य मिश्रण असेल तर ते पेटवायला ठिणगी किती लागते? साधारण पाव मिलिज्यूल (मिलिज्यूल हे ऊर्जेचं एक छोटं माप). फारच थोडी. म्हणून लोकांना वाटतं की मोबाईल तर यापेक्षा किती तरी जास्त ऊर्जा वापरतो. पण ती ऊर्जा हवेतल्या एका बिंदूवर, क्षणार्धात, ठिणगीच्या रूपाने बाहेर पडावी लागते. मोबाईलमधून निघतात त्या रेडिओलहरी, आणि त्या सगळीकडे पसरतात. त्यांच्यामुळे ठिणगी पडायची तर जवळ अँटेनासारखं काम करणारा धातूचा मोठा सांगाडा हवा आणि त्यात नेमकी बारीक फट हवी. हे अशक्य नाही. मोठ्या रेडिओ ट्रान्समीटरजवळच्या कारखान्यांत हा धोका खरोखर मोजला जातो. स्फोटक वातावरणातल्या उपकरणांचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६००७९, त्यात पेट्रोल ज्या गटात येतं त्या गटासाठी रेडिओशक्तीची मर्यादा ६ वॅट दिली आहे. जुना टूजी फोन जास्तीत जास्त २ वॅट, तेही क्षणाक्षणाच्या तुकड्यांत. आजचा फोरजी फोन जास्तीत जास्त पाव वॅटच्या आत.

भाच्याचा फोन खिशात होता आणि वाजलाही नव्हता. त्या फोनच्या लहरींनी सीटखाली आग लागली असं मला शपथेवर कोणी विचारलं, तर मी नाही म्हणेन.

आग लागली हे मात्र खरं आहे, म्हणजे ठिणगी कुठून तरी आली. चौथा_गिअर यांचे प्रश्न योग्य दिशेने चाललेत. त्यांना उत्तरं द्या.

---

अबोली_वळेसर | मंगळवार, दुपारी १.१५

दाबमापक, तुमचं लिहिणं जेवणाच्या सुट्टीत दोनदा वाचलं आणि घरी फोन करून बहिणीला वाचून दाखवलं. तिला रडू आलं.

चौथा_गिअर, बॅटरी पायाखाली आहे. चावी बंद होती, त्याच चावीने सीट उघडतात. गाडी घराच्या मागच्या पडवीत तशीच उभी आहे, कोणी हात लावलेला नाही. आणि हो, चार्जर बसवलेला आहे. हँडलजवळ मोबाईल चार्ज करायचा, बाजारात मिळतो तो. दिवाळीत एका दुकानातून बसवून घेतला होता.

---

चौथा_गिअर | मंगळवार, दुपारी २.०५

दुकानदाराने तार कुठून नेलीय? असले चार्जर बसवताना बरेच जण चावीतून कनेक्शन घेत नाहीत, वेळ लागतो म्हणून थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडतात. मध्ये फ्यूजही घालत नाहीत. मग चावी बंद असली तरी त्या तारेत २४ तास करंट. गाडीची सगळी चासी, म्हणजे धातूचा सांगाडा, निगेटिव्ह असते. तार कुठेही सोलून चासीला लागली की पडली ठिणगी, आणि ती ठिणगी लहान नसते.

मोबाईलच्या टॉर्चने सीटच्या बिजागरीजवळ बघा. गाडी पेट्रोलच्या वासाची असेल तर आधी सीट उघडून तासभर मोकळ्या हवेत राहू द्या, बॅटरीचं निगेटिव्ह काढा, मगच हात घाला. फोटो पाठवा.

---

थर्ड_शिफ्ट | मंगळवार, संध्याकाळी ६.३०

नमस्कार. मी सहा वर्षं पंपावर नोझल धरतोय, डिचोली बाजूला. पहिल्यांदाच इथे लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मोबाईलने आग लागलेली मी बघितली नाही. आमच्यातल्या जुन्या माणसांनीही नाही. पण मोबाईलने त्रास रोज होतो, तो वेगळा. मागच्या मे महिन्यात भाड्याच्या स्कूटरवरचा एक पर्यटक कानाला फोन लावून आला. मी नोझल टाकीत घातलं होतं, त्याला वाटलं झालं भरून. इंजिन बंदच केलं नव्हतं, त्याने ॲक्सिलरेटर पिळला. नोझल माझ्या हातातून सुटलं, पेट्रोलची धार त्याच्या पायावर, माझ्या पायावर, खाली सायलेन्सरजवळ. मी स्विच बंद करेपर्यंत लिटरभर सांडलं असेल. आम्ही दोघांनी वाळू टाकली. त्या पाच मिनिटांत शेजारच्या रांगेतल्या कोणी गाडी सुरू केली असती तर काय झालं असतं, ते मला झोपेत दिसायचं.

म्हणून मी तरी सांगतो, बोर्ड राहू दे. फक्त त्या बोर्डाचा अर्थ लोकांना कळू दे. फोनवर बोलणारा माणूस पंपावर असतो पण पंपावर नसतो. इंजिन बंद करत नाही, गाडीवरून उतरत नाही, झिरो बघत नाही, नोझल निघालं की नाही बघत नाही.

अबोलीताई, तुमच्या भाच्याची आग ज्याने विझवली त्या पोराला माझ्याकडून शाबासकी सांगा. पूड मारताना जाळाच्या मुळाशी मारायची असते, घाबरलेला माणूस वर मारतो. त्याने बरोबर मारली असणार, नाहीतर सात-आठ सेकंदांत विझत नाही.

---

बांद्याहून | मंगळवार, रात्री ८.४४

मी सिंधुदुर्गातला, पण पेट्रोल गोव्याचं. २०१२ साली पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला तेव्हापासून आमच्याकडच्या लोकांना सीमेवरच्या पत्रादेवीची सवय लागली. आता तेवढी स्वस्ताई राहिली नाही, तरी फरक आहेच. बरेच जण गाडीची टाकी भरतात आणि वर एक प्लास्टिकचा कॅनही. मी पण नेतो, ग्रासकटरला लागतं. कॅन स्कूटरच्या पायदानावर ठेवायचा, तसाच भरून घ्यायचा.

जानेवारीत एकदा कारमधून उतरून दरवाज्याला हात लावला तर चटका बसला, टिचकी मारल्यासारखा. हातात कॅन होता. तेव्हा काही वाटलं नाही. दाबमापकांचं 'पाव मिलिज्यूल' वाचल्यावर विचारावंसं वाटतंय, ती ठिणगी केवढी होती?

---

दाबमापक | मंगळवार, रात्री ९.५०

बांद्याहून, फार महत्त्वाचं विचारलंत. मोबाईलपेक्षा या ठिणगीची चर्चा दहा पट व्हायला हवी.

माणसाच्या अंगावर साठलेला स्थिर विद्युतभार बाहेर पडताना आपल्याला साधारण ३००० व्होल्टच्या पुढेच जाणवतो. माणसाच्या शरीराची धारकता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, १५० पिकोफॅरड धरली तर ३००० व्होल्टला ठिणगीत सुमारे ०.६७ मिलिज्यूल ऊर्जा असते. म्हणजे तुम्हाला जेमतेम जाणवलेला चटकाही पेट्रोलची वाफ पेटवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या अडीच पट. आणि १८०० व्होल्टला, म्हणजे तुम्हाला काहीच जाणवणार नाही इतक्या भारालाही, ती पाव मिलिज्यूलची रेघ गाठली जाते.

अमेरिकेत पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूट या संस्थेने पंपांवरच्या अशा आगींच्या नोंदी वर्षानुवर्षं गोळा केल्या. स्थिर विजेच्या १५० हून अधिक आगी त्यांना सापडल्या, मोबाईलची एकही सिद्ध झाली नाही. तिकडे लोक स्वतःच पेट्रोल भरतात. नोझल टाकीत अडकवून थंडीमुळे परत गाडीत जाऊन बसतात, सीटवर कपडे घासतात, उतरून थेट नोझलला हात लावतात. ठिणगी पडते ती नेमकी टाकीच्या तोंडाशी, जिथे वाफ आणि हवा मिसळलेली असते. २००४ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू पाल्ट्झ गावी असंच झालं. पेट्रोल भरताना एका विद्यार्थ्याचा फोन वाजला आणि आग लागली. अग्निशमन प्रमुखाने आधी फोनला दोष दिला, काही दिवसांनी स्वतःच तो मागे घेतला आणि स्थिर वीज हे कारण दिलं. पहिली बातमी जगभर गेली. दुसरी किती जणांनी वाचली असेल?

ब्रिटनमध्ये केंट विद्यापीठातल्या एका समाजशास्त्रज्ञाने १९९३ ते २००४ मधल्या, मोबाईलच्या नावावर टाकलेल्या २४३ आगी तपासल्या. एकही मोबाईलने लागलेली निघाली नाही.

आपल्याकडे पंपावरचा माणूस नोझल धरतो, आपण गाडीत परत शिरत नाही, आणि पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते तेव्हा अंगावर भार टिकतच नाही. म्हणून अशा आगी आपल्याकडे कमी. पण जानेवारी-फेब्रुवारीत घाटावरून कोरडा वारा येतो तेव्हा तुमच्यासारखा चटका बसतो. आणि तेव्हाच तुम्ही प्लास्टिकचा कॅन रबरी पायदानावर ठेवून भरून घेताय.

प्लास्टिक वीज वाहून नेत नाही. पेट्रोल नळीतून घासत येताना स्वतःच भार घेऊन येतं आणि तो कॅनमधून जमिनीत जायला वाट मिळत नाही. म्हणून भरायचंच असेल तर कॅन नेहमी खाली जमिनीवर ठेवायचा. पायदानावर नाही, डिकीत नाही, पिकअपच्या हौद्यात तर कधीच नाही. नोझलचा धातू कॅनच्या तोंडाला टेकलेला ठेवायचा, धार बारीक ठेवायची. आणि पाण्याच्या बाटलीत भरायचं थांबवा. किनाऱ्यावरच्या गावांत रस्त्याकडेला बाटल्यांतून पेट्रोल विकलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. उन्हात ठेवलेली पातळ बाटली फुगलेली असते, झाकण सैल केलं की वाफ थेट हातावर येते, आणि विकणाऱ्याच्या तोंडात विडी. होड्यांच्या आउटबोर्ड इंजिनांसाठी कॅन नेणाऱ्या भावांनाही माझी हीच कळकळीची विनंती.

---

रातांबा | बुधवार, सकाळी ८.१०

दाबमापक, मी मागे घेतो. तो संदेश मी स्वतः गेल्या वर्षी आमच्या वाड्याच्या ग्रुपवर टाकला होता. आज त्याच ग्रुपवर तुमचं कॅनबद्दलचं लिहून टाकलं.

एक शंका उरली. मोबाईलने काही होत नसेल तर बंदी का? आणि बंदी असेल तर क्यूआर कोड नोझलशेजारी कसा?

---

दाबमापक | बुधवार, दुपारी १२.२५

बंदीचं मूळ असं. १९८०च्या दशकात मोबाईल आले तेव्हा ते मोठे होते, काही गाडीत बसवलेले, आजच्यापेक्षा किती तरी जास्त शक्तीचे. ते पेट्रोलच्या वाफेत सुरक्षित आहेत असं कोणी तपासलेलं नव्हतं. आमच्या क्षेत्रात नियम साधा आहे: ज्याची चाचणी होऊन प्रमाणपत्र मिळालेलं नाही, ते उपकरण धोक्याच्या क्षेत्रात न्यायचं नाही. डेपोत मी स्वतः फोन गेटवर जमा करत असे आणि आजही करेन. पंपावरचं यंत्र, त्यातली मोटर, वरचा दिवा हे सगळं ज्वालारोधक बांधणीचं असतं, म्हणजे आतला जाळ बाहेरच्या वाफेपर्यंत पोचू न देणारं. आपल्या देशात हे सगळं पेट्रोलियम नियम, २००२ खाली येतं आणि त्यावर देखरेख करणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे.

पण 'प्रमाणित नाही' आणि 'याच्यामुळे आग लागली' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यावरून बोर्ड लावता येतो. दुसरं पोरावर टाकायचं तर पुरावा लागतो.

धोक्याचं क्षेत्र म्हणजे नक्की केवढं, तेही सांगतो. अमेरिकन संहितेत पेट्रोलच्या यंत्रापासून सगळ्या बाजूंना २० फुटांपर्यंत, पण जमिनीपासून फक्त १८ इंच उंचीपर्यंतचा पट्टा धोक्याचा धरतात, कारण जड वाफ खाली पसरते. त्याशिवाय यंत्राच्या आणि टाकीच्या तोंडाच्या लगतची जागा. क्यूआर कोड छातीच्या उंचीवर असला तरी माझं मत स्पष्ट आहे: तो नोझलपाशी नसावा. फोनच्या लहरींमुळे नव्हे, थर्ड_शिफ्ट यांनी लिहिलंय त्या कारणाने. पैशांची देवाणघेवाण नोझल परत अडकवल्यावर, चार पावलं बाजूला व्हावी. शिवाय फोन हातातून पडतो, आणि फुगलेल्या बॅटरीचा फोन पेट्रोलच्या डागावर आपटणं मला अजिबात पसंत नाही. तो धोका लहरींचा नाही, बॅटरीचा आहे.

---

अबोली_वळेसर | गुरुवार, रात्री ९.०५

सापडलं.

काल मेहुण्यांनी आणि भाच्याने मिळून गाडी बघितली. चौथा_गिअर, तुम्ही म्हणालात तसंच. पायाखालच्या बॅटरीवरून लाल तार निघते. दुकानदाराने ती हँडलकडे सरळ न नेता जादाची लांबी सीटखाली गुंडाळून ठेवली होती, बिजागरीला लागून. फ्यूज कुठेच नाही. बिजागरीपाशी तारेचं वरचं प्लास्टिक एका रेषेत झिजलेलं आहे आणि तिथेच तांब्याच्या टोकाला मोहरीएवढा गोल, चकचकीत मणी झालाय. समोर बिजागरीच्या पत्र्यावर तेवढाच काळा खड्डा. भाच्याने भिंगाने दोन्ही मला दाखवले. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा तो एवढं बोलला.

---

चौथा_गिअर | गुरुवार, रात्री ९.४०

ताई, तो मणी म्हणजे शॉर्ट सर्किट. तांबं १०८५ अंशांना वितळतं. सात-आठ सेकंदांच्या जाळात तार काळी पडते, मणी होत नाही. समोरच्या पत्र्यावर जोडीचा खड्डा आहे म्हणजे तिथेच टेकली. सीट खाली टाकली, बिजागरीने तार दाबली, ठिणगी पडली. आणि सीटखालचा तो खोलगट डबा दाबमापकांनी सांगितलेल्या जड वाफेने भरलेला. भरताना टाकीत जेवढं पेट्रोल जातं तेवढीच वाफ बाहेर येते, ती सगळी तिथे बसली होती.

---

दाबमापक | गुरुवार, रात्री १०.१५

एक बाजू तपासून घेतली पाहिजे. आग लागल्यावर प्लास्टिक जळून नंतर शॉर्ट होऊनही असा मणी तयार होतो. पण प्लास्टिक एका रेषेत झिजलेलं आहे, जळलेलं नाही, आणि भडका सीट टेकवण्याच्या क्षणीच उडाला. हे दोन्ही जुळतं. माझ्या अनुभवावरून हेच कारण आहे. दोन्ही जागांचे फोटो फूटपट्टी शेजारी ठेवून काढा. तार कापू नका, गाडी तशीच ठेवा.

---

अबोली_वळेसर | रविवार, दुपारी ४.२०

शनिवारी आम्ही चौघं पंपावर गेलो. भाचाही आला. मॅनेजरने फोटो पाहिले, मग आत जाऊन सीसीटीव्ही पुन्हा लावला आणि सीट पडण्याचा क्षण तीन वेळा मागे-पुढे केला. माफी मागितली नाही. लिहून द्यायचा कागद ड्रॉवरमधून काढून परत दिला आणि म्हणाला, व्हिडिओ कोणी बाहेर दिला ते बघतो. क्यूआर कोड आता ऑफिसच्या खिडकीवर लावलाय. ते त्याने आधीच केलं होतं.

ज्याने आग विझवली तो मुलगा ड्युटीवर होता. थर्ड_शिफ्ट, तुमची शाबासकी पोचवली. त्याने भाच्याचा हात हातात घेऊन पट्टी बघितली आणि विचारलं, "आता दुखता रे?" भाचा म्हणाला, "ना."

रातांबा, वाड्याच्या ग्रुपवर तुम्ही कॅनबद्दल टाकलंत ते फिरत फिरत आमच्या ग्रुपवरही आलं. मनापासून आभार.

चौथा_गिअर, एक राहिलं. चार्जर परत बसवायचा की कायमचा काढून टाकायचा? आणि बसवला तर फ्यूज कुठे?

---

चौथा_गिअर | रविवार, संध्याकाळी ५.१०

बसवा, पण चावीतून कनेक्शन घेऊन. ५ अँपिअरचा फ्यूज पुरे, आणि तो बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत हवा. फ्यूजच्या आधीची तार नेहमी उघडीच असते असं समजायचं. सीटखालून तार न्यायचीच नाही, आणि जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी बुशिंग.

आयटीआयला जातो म्हणालात ना? पुढच्या रविवारी त्याला गाडी टेम्पोत टाकून फोंड्याला आणायला सांगा. तोवर बॅटरी सुटीच राहू दे. तारेची टोकं दाबून जोडायची क्रिम्पिंगची पक्कड मी देतो, बसवेल तो.